अर्लीनचा भाडेकरू

मी अर्लीनवर जळते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला साळसूद समजायला नको.

अर्लीन माझ्या नवऱ्याची पहिली बायको. रॉयस तिला सोडून माझ्याकडे आला, तेव्हा जळायचं असेल तर तिने जळावं. पण टेक्सासातल्या आमच्या या छावणीच्या गावात घटस्फोट झाला म्हणून बायको नाहीशी होत नाही. जिने फौजेतल्या माणसाशी वीस वर्षं संसार केला, आणि ती सगळी वर्षं तो नोकरीत होता, तिला घटस्फोटानंतरही फौजेचं आरोग्य कार्ड मिळतं. त्यामुळे फौजेच्या दवाखान्यात अर्लीन, औषधांच्या खिडकीशी अर्लीन, छावणीच्या दुकानात टरबुजावर टिचक्या मारत उभी तीही अर्लीन. आडनावही अजून रॉयसचंच लावते. खिडकीतून 'मिसेस टॅकेट' अशी हाक आली की आम्ही दोघी उठतो, आणि ती हसून म्हणते, "जा गं, तू जा आधी." तिचं ते मोठेपण मला सहन होत नाही.

तिला संधिवात आहे. बोटं पार वाकडी झालीत. जे इंजेक्शन तिला चालू आहे ते कार्डाशिवाय घ्यायचं तर बाईला घरदार विकावं लागेल. आणि इंजेक्शनच्या मंजुरीचं कुठे अडलं की फोन कुणाला? रॉयसला. मी भांडी विसळत ऐकत असते. "हे बघ, अर्लीन, आधी तुझ्या ठरलेल्या डॉक्टरची चिठ्ठी, मग मोठा डॉक्टर. उलटं केलंस तर बिल तुझ्या गळ्यात." इतक्या गोड आवाजात तो मला मीठसुद्धा मागत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूने होती. तिने पुन्हा लग्न केलं की कार्ड जातं. कायमचं. पुढे तो नवरा मेला किंवा पळाला तरी परत मिळत नाही. आणि अर्लीनच्या घरात बर्ल राहतो. बर्ल म्हणजे वेल्डिंग करणारा एक ढेरपोट्या, भला माणूस. चर्चला जाणारी दोघं, पण लग्नाचं नाव काढत नाहीत. त्यात आमच्या टेक्सासचा कायदा असा, की एका घरात राहिलात, मनाने एकमेकांचे झालात आणि चारचौघांत नवरा-बायको म्हणवून घेतलंत, की झालं लग्न. पाद्री नको, सही नको. म्हणून अर्लीन त्याला 'माझा भाडेकरू' म्हणते आणि तो तिला 'घरमालकीणबाई'. गावात अशा भाडेकरूंची कमी नाही. सगळे समजून असतात, कुणी काही बोलत नाही.

मी मात्र टपून होते. एकदा हिच्या तोंडून 'नवरा' निघू दे, चार साक्षीदारांसमोर, मग मी आहे आणि कार्डाचं ऑफिस आहे.

त्या शनिवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये पॅनकेकचा नाश्ता होता. रॉयस नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या टेबलावर म्हाताऱ्यांना फौजेची आरोग्य योजना समजावत बसला होता. बर्ल तव्यापाशी. मी मुद्दाम अर्लीनशेजारी बसले.

"नवऱ्याला चांगलंच जुंपलंय आज," मी म्हटलं.

"भाडेकरूला, नेल्डा." ती हसली. "किती वर्षं झाली गं तुला ही फुगडी घालताना? दमत नाहीस?"

"मी कशाला दमू? माझं लग्न झालंय."

"ते झालंय खरं." तिने पाक ओतायला बाटली उचलली, बोटांना पेलेना, मग दोन्ही हातांनी धरली. "आणि तू थांबलीस म्हणून मी आज चालते-फिरते, हे मी विसरत नाही. दोन वर्षं थांबणं सोपं नव्हतं."

"कसली दोन वर्षं?"

तिने बाटली खाली ठेवली. "माझी संसाराची वीस वर्षं भरेपर्यंत रॉयसने घटस्फोट थांबवला, निवृत्तीही पुढे ढकलली. तुला सांगूनच ना? तो म्हणाला होता, नेल्डा तयार आहे."

मला कुणी विचारलं होतं? मी तिकडे वेको शहरात केस कापायच्या दुकानात दिवसभर उभी राहायचे आणि तो फोनवर सांगायचा, फौज सोडत नाही, वकील ढिला आहे. त्या दोन वर्षांत माझी आई गेली. माझं लग्न बघायचं म्हणून तिने निळा ड्रेस शिवून घेतला होता. तोच घालून तिला पुरलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच उठून रॉयसच्या टेबलाशी गेले. "आईची दोन वर्षं तू हिला दिलीस?"

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागे अर्लीनकडे. "नेल्डा, ती औषधाशिवाय लुळी पडली असती."

"मग मला सांगायचं होतंस! मी नाही म्हटलं असतं?"

"म्हणाली असतीस," तो म्हणाला.

सोडून जावं असं वाटलं. पण मी सोडलं तर माझं कार्ड त्याच दिवशी जाणार, कारण माझा संसार सगळा त्याच्या निवृत्तीनंतरचा. तिचं कार्ड तिचं आहे, माझं रॉयसचं आहे. मी फोन बाहेर काढला. अर्लीन आणि बर्ल चर्चमध्ये बाकावर हात धरून बसतात, एवढं कार्डाच्या ऑफिसला सांगितलं तरी चौकशी लागली असती.

तेवढ्यात तव्यापाशी धप्पकन आवाज झाला. बर्ल खाली पडला होता.

अँब्युलन्सच्या मागे गाडी मी चालवली, कारण अर्लीनच्या बोटांना स्टिअरिंग पेलत नव्हतं. इस्पितळात काचेमागच्या बाईने विचारलं, "हृदयाचा झटका आहे. आत फक्त घरचं माणूस. आपण त्यांच्या कोण?"

अर्लीनने तोंड उघडलं. मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. इतकी वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो तिच्या ओठांवर आला होता. मला दिसत होता.

"कुणी नाही," अर्लीन म्हणाली. "घरमालकीण."

"मग बाहेर थांबा."

ती बाकावर बसली. वाकडी बोटं मांडीवर. रडलीसुद्धा नाही. आणि मला तिचा इतका राग आला, की मी काचेपाशी जाऊन ओरडले, "मी त्याची बहीण आहे! आणि मला एकटीला आत जायची भीती वाटते. ही येणार माझ्याबरोबर."

आत बर्ल नळ्यांमध्ये पडला होता, चेहरा राखाडी. अर्लीनला बघून त्याने डोळे उघडले आणि नर्सला स्पष्ट आवाजात म्हणाला, "ही माझी बायको."

नर्सने आमच्याकडे पाहिलं.

"गुंगीत आहे हो," मी म्हटलं. "लहानपणापासूनच बरळतो."

नर्स गेली. बर्लने अर्लीनचा हात घेतला, एकेक वाकडं बोट जपून, दुखणार नाही असं, आपल्या तळव्यावर ठेवलं. ती वाकून त्याच्या कानात काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण ते ऐकून तो हसला.

चारचौघांत नवरा म्हणायला माझ्याकडे माणूस आहे. तो आमच्या मागोमाग आला होता, खाली आपली गाडी लावत होता. मी दाराशी उभी राहून त्या दोघांकडे बघत राहिले, आणि जळत राहिले.