गॅरेजवाल्याचं रक्त

"आमची मुलगी लोकांची थुंकी गोळा करते," असं बाईंची आई शेजारणींना सांगायची, आणि ते तसं खोटंही नव्हतं. बाई संशोधक होत्या. माणसांचे समूह कुठून आले, एकमेकांत कधी मिसळले, हे त्या थुंकीतल्या पेशींवरून शोधायच्या. चार वर्षांत त्यांनी शहराच्या वरच्या आणि खालच्या वस्तीतली अकराशे माणसं गाठली. नळीत थुंकायचं, झाकण लावायचं, वर नुसता नंबर. कुठला नंबर कुणाचा, हे फक्त एका जाडजूड रजिस्टरात, आणि ते रजिस्टर कुलपात.

निष्कर्ष साधा निघाला. वरचे आणि खालचे गेली तीनशे वर्षं एकमेकांत इतके मिसळले होते, की त्यांना वेगळं काढणं म्हणजे चहातून दूध काढण्यासारखं होतं. फक्त एका तक्त्यात, डोंगरापलीकडून आलेला एक वंश खालच्या वस्तीत दोन टक्के जास्त दिसत होता. पेपरवाल्यांनी नेमका तेवढाच तक्ता उचलला. मथळा आला: 'खालचे बाहेरचेच'.

चार दिवसांत खालच्या वस्तीतली सहा घरं जळाली. बेकरीवाल्याला त्याच्याच भट्टीसमोर दगडांनी ठेचलं. मग कुणीतरी पिल्लू सोडलं, की वरच्यांतसुद्धा खालच्यांचं रक्त लपून बसलंय आणि कुणाकुणात ते बाईंच्या रजिस्टरात लिहिलेलं आहे.

रजिस्टर नष्ट करायला हवं, हे बाईंना पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण चार वर्षांची मेहनत. हात धजावत नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी त्या त्याच कामाला लॅबमध्ये आल्या, तर आप्पा आधीच हजर. आप्पा लॅबचे जुने मदतनीस, साठीला टेकलेले, खालच्या वस्तीतले.

"घरी थांबा म्हटलं होतं ना तुम्हाला?"

"फ्रीजरला कुठे सुट्टी कळते, बाई," आप्पा म्हणाले.

बाईंनी कपाट उघडून रजिस्टर बाहेर काढलं आणि तेवढ्यात दाराची काच फुटली. पंधरा-वीस जण आत घुसले. सगळे वरच्या वस्तीतले, निम्मे तोंडओळखीचे. त्यांनी आधी फ्रीजर आडवा केला. नळ्या फरशीवर सांडल्या आणि बुटांखाली कडाकडा फुटू लागल्या.

"रजिस्टर द्या," पुढचा म्हणाला.

बाईंनी ते छातीशी धरलं. त्याने सरळ तोंडावर ठोसा मारला. दोन दात निखळून जिभेवर आले. त्या टेबलाला धडकून खाली बसल्या, पण रजिस्टर सोडलं नाही. आप्पा मध्ये पडले, आणि कुणीतरी त्यांना ओळखलं.

"हा खालचाच आहे."

मग बाईंकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. आप्पांना त्यांनी खुर्चीने मारलं, लाथांनी मारलं, कानावर मारलं. आप्पा ओरडतही नव्हते, नुसते डोकं झाकून कण्हत होते. त्यांच्यातला एक गॅरेजवाला टायर काढायची टॉमी घेऊन पुढे झाला. त्याला बाई ओळखत होत्या. दोन वर्षांपूर्वी तो नमुना द्यायला आला होता आणि म्हणाला होता, "बाहेर थुंकलं तर दंड, इथे थुंकलं तर आभार." सगळे हसले होते. त्याने आता दोन्ही हातांनी टॉमी डोक्यावर उचलली.

"त्याला काय मारतोस," बाई रक्ताची गुळणी टाकून म्हणाल्या. "तू स्वतःच खालचा आहेस. अर्ध्याहून जास्त. मी पाहिलंय."

टॉमी वरच राहिली.

"काय बोलतेय ही," गॅरेजवाला म्हणाला, आणि हसून त्याने बाकीच्यांकडे पाहिलं. हसलं कुणीच नाही.

"तरीच," मागून एक जण म्हणाला. "तरीच याच्या गॅरेजात खालच्यांची पोरं कामाला असतात."

पहिला फटका त्याच्या गुडघ्यावर बसला. तो पडल्यावर त्याच्याच हातातली टॉमी त्यांनी हिसकावली. "आईशप्पथ नाही रे, विचारा माझ्या भावाला," असं तो म्हणत राहिला, जोवर जबडा हलत होता तोवर. बाईंनी आप्पांना काखेत धरून मागच्या स्टोअररूममध्ये ओढलं आणि लोखंडी दाराची कडी लावली. रजिस्टरची पानं फाडून ब्लीचच्या टबात कोंबली, कोपरापर्यंत हात घालून त्यांचा लगदा केला. बाहेरचे आवाज त्यांना शेवटपर्यंत ऐकू येत होते.

आप्पा वाचले. एका कानाने बहिरे झाले. गॅरेजवाला तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात वारला.

महिन्याने त्याची बायको बाईंच्या घरी आली. सोबत दोन मुली. धाकटीच्या कपाळाला टाके होते.

"शाळेच्या वाटेवर दगड मारला," ती म्हणाली. "दीर म्हणतो, ही पोरं आमच्या रक्ताची नाहीत, घर सोडा. खरं सांगा, होते का ते खालचे?"

"मी त्यांचा नंबरसुद्धा कधी काढून पाहिला नव्हता," बाई म्हणाल्या. "ते आप्पांना मारत होते. मी तोंडाला आलं ते बोलले."

तिने बाईंच्या थोबाडीत मारली. मग दुसऱ्यांदा मारली. बाईंची आई धावत आली, तिला बाईंनी हातानेच थांबवलं.

"आता लिहून द्या," बायको म्हणाली. "ते शुद्ध वरचे होते म्हणून."

"शुद्ध असं काही नसतंच हो. तुमचं नाही, माझं नाही, कुणाचंच—"

"मग हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

बाईंनी संस्थेचा कागद घेतला. लिहिलं, सही केली, शिक्का मारला. बायकोने उभ्याउभ्या वाचलं आणि कागद परत दिला.

"'शुद्ध' शब्द मोठ्या अक्षरात लिहा."

बाईंनी नवा कागद घेतला.

मुली घरात राहिल्या. दिराने तो कागद फ्रेम करून दारात लावला. पुढच्या दोन महिन्यांत तसाच कागद मागायला नऊ जण आले. बाईंनी प्रत्येकाला सांगितलं, की मी ते खोटं लिहिलं होतं. एकालाही पटलं नाही. एक जण तर जाताना म्हणाला, "आम्हाला द्यायचा नाही, तर तसं सांगा ना सरळ."