आमचा विरोध कुणालाच नाही, पण

खालच्या मजल्यावरचं दार वाजलं की मी हातातलं काम सोडून कान देते. तिथे आमचे घरमालक हेर क्लेंक राहतात, हेर म्हणजे इथलं श्रीयुत. माणूस वाईट नाही, भीती त्याचीच आहे. बागेतली सफरचंदं आणून देतात. माझ्या मुलीला, कुहूला, सायकल त्यांनीच शिकवली. आणि जर्मनीत ब्योब्लिंगेनजवळच्या आमच्या या गावात पालकांची, आजी-आजोबांची जी नवी समिती उभी राहिली आहे, तिचे अध्यक्षही तेच.

भानगड अशी. गावात दोन प्राथमिक शाळा. टेकडीवरच्या शाळेत माझी कुहू पहिलीत आहे. स्टेशनजवळच्या ब्लॉकमध्ये सीरिया, अफगाणिस्तान, इरिट्रियाहून आलेली माणसं राहतात, त्यांची पोरं सगळी खालच्या शाळेत. गावाने ठरवलं की पोरं दोन्ही शाळांत मिसळून बसवायची. झालं. टेकडीवर लगेच बॅनर लागले : छोटी पावलं, जवळची शाळा. म्हणजे त्या पोरांनी बिचाऱ्यांनी एवढा चढ का चढावा. काय ती काळजी. अमेरिकेत काळी पोरं गोऱ्यांच्या शाळेत घालायची ठरली, तेव्हा तिथल्या आयांनीही समित्या काढल्या होत्या आणि नावं अशीच गोड ठेवली होती. मी शिकलेली नाही फार, पण वाचते.

मागच्या आठवड्यात हेर क्लेंक सफरचंदं घेऊन वर आले. म्हणाले, लोक आम्हाला वंशवादी म्हणतात, मनाला फार लागतं. शनिवारी समितीची सभा आहे, तिथे मी दोन मिनिटं बोलावं. परदेशातून आलेली आईच म्हणाली की मुलं आहेत तिथेच बरी, तर कोण काय बोलणार? मी विचार करते म्हटलं. जिना उतरता उतरता ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, मुलाचं लग्न ठरतंय, त्याला घर लागेल. तशी घाई नाही.

घाई नाही. इथे मालकाला घरच्या माणसासाठी भाडेकरू काढता येतो, आयगनबेडार्फ म्हणतात. हे घर मिळायला आम्हाला वर्ष लागलं होतं.

माझा नवरा हृषिकेश गेर्लिंगेनहून कामावरून आला, त्याला सांगितलं. तो बुटाची नाडी सोडायला खाली वाकला. मग म्हणाला, "बोलून टाक गं. चार वाक्यं. त्यांना काय कळतंय कांबळे म्हणजे कोण."

खरंय. इथे आडनावावरून कुणी काही ओळखत नाही. पहिल्या वर्षी मला त्याचं केवढं सुख वाटलं होतं.

शनिवारी सकाळी शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये सभा. सभेनंतर खाणं, प्रत्येकीने काहीतरी आणायचं. मी कोथिंबीर वड्यांचा ट्रे नेला. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. ब्लॉकमधली माणसं मागे भिंतीला टेकून उभी होती, कारण खुर्च्या टेकडीच्या पालकांसाठी राखलेल्या. कुहूला तिच्या पोहण्याच्या क्लासमधली मुलगी तिथे दिसली, कुहूने हात हलवला.

हेर क्लेंकनी माइक घेतला. पहिलंच वाक्य म्हणाले, "आमचा विरोध कुणालाच नाही, पण."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

मी चौथीत होते. गावच्या शाळेत दुपारची खिचडी सुरू झाली आणि ती शिजवायचं काम माझ्या आईला मिळालं. महारवाड्यातली बाई. गावाने दुसऱ्या दिवसापासून पोरांना डबे दिले. मग शाळेच्या ओट्यावर सभा भरली आणि सरपंच उठून हेच म्हणाला, आमचा विरोध कुणालाच नाही, पण स्वच्छतेचं बघायला पाहिजे. कुणी जातीचा ज काढला नाही. कुणी आवाजही चढवला नाही. मी दाराशी उभी होते. आई भरलेलं पातेलं डोक्यावर घेऊन ओढ्याच्या बाजूने घरी आली, रस्त्याने नाही.

माझं नाव पुकारलं. पाठ केलेली चार वाक्यं तोंडापर्यंत आली होती. ती म्हटली की घर वाचत होतं. समोर भिंतीशी ती पोहणारी मुलगी दिसत होती.

मोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, "माझी आई शाळेत खिचडी शिजवायची. ती आमच्या हातची, म्हणून गावाने पोरांना खाऊ दिली नाही. तेव्हा सरपंच जे बोलला, तेच आता हेर क्लेंक बोलले. मला यांचं घर सोडायला लागेल, मला फार भीती वाटते. पण मुलं एकत्र बसू द्या."

कुणीतरी खोकलं. हेर क्लेंक हसून डांके, आभार, म्हणाले आणि पुढच्या वक्त्याला बोलावलं. हृषिकेश जमिनीकडे बघत होता, पण त्याने माझा हात धरला.

खाण्याच्या टेबलावर केक संपत आले. माझ्या वड्या होत्या तशाच. एकीने डिश पुढे केली, वड्यांपाशी आली आणि काटा मागे घेतला. मी ट्रे झाकायला गेले, तर कुहूने तो ओढला आणि सरळ मागे घेऊन गेली. तिथे पोरांनी फन्ना उडवला. त्या मुलीच्या आईने एक वडी कागदी रुमालात बांधून घेतली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

हेर क्लेंक जवळ आले. आवाज नेहमीसारखाच मऊ.

"फ्राऊ कांबळे, मुलाचं मे महिन्यात नक्की झालंय. घराचं तसं लेखी कळवतोच."

घरी आलो. त्यांची गाडी आमच्या आधीच येऊन लागली होती. त्यांच्या दारावरून जाताना मी चपला काढून हातात घेतल्या, चोरासारखं. हृषिकेशही चवड्यांवर चढत होता.

"वारुम?" कुहूने मोठ्याने विचारलं. का म्हणून.

रिकामा ट्रे छातीशी धरून ती तिचे बूट खाडखाड वाजवत जिना चढली. खालचं दार उघडल्याचा आवाज आला. पण मी तिला हळू चाल म्हटलं नाही.