खांद्यावरचा हात

दोन वेगवेगळ्या फोटोंतली माणसं एका फोटोत आणायची, तर आधी उजेड बघायचा. चेहरे नंतर. उजेड कुठल्या बाजूने येतो, मऊ आहे की कडक, पिवळसर आहे की निळसर, एवढं जुळलं की निम्मं काम झालं. मी भौतिकशास्त्र शिकले ते काही यासाठी नव्हे, पण आमच्या स्टुडिओच्या मालकांना त्याचं फार कौतुक. गिऱ्हाईक आलं की आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारतात, "शास्त्रज्ञ, जरा बाहेर या."

आतली खोली म्हणजे एक टेबल, दोन स्क्रीन आणि राखाडी भिंती. रंगीत भिंतींच्या खोलीत बसून रंग नीट पारखता येत नाहीत. मालक बहुतेक वेळ बाहेरच्या कामांवर असतात. मी डबासुद्धा स्क्रीनसमोरच खाते. परक्या माणसांच्या पापण्या मला मोजता येतील इतक्या जवळून दिसतात, आणि जिन्यात रोज भेटणाऱ्या शेजारणीचं नाव मला अजून माहीत नाही. विचारायची वेळ केव्हाच निघून गेली.

टेलरकाका आले तेव्हा मालक निघायच्या घाईत होते. काकांचं दुकान आमच्याच रस्त्यावर, पण आमच्याकडे ते पहिल्यांदाच येत होते. त्यांनी फोनवर दोन फोटो दाखवले. थोरला मुलगा त्याच्या घरात खिडकीजवळ उभा. धाकटा कुठल्याशा झाडाखाली. दोघंही दूरच्या एकाच शहरात राहतात आणि एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

"यांना एकत्र आणायचंय," काका म्हणाले.

"ते आम्हाला कुठलं जमायला?" मालक हसले. "फोटोत आणू."

काका हसले नाहीत. काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन करायचं होतं आणि त्या हट्टाला पेटल्या होत्या. दोन्ही मुलं शेजारी उभी राहिलेली बघितल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही, म्हणत होत्या. डॉक्टर म्हणत होते, आता लांबवू नका. काकांनी दोन्ही मुलांना फोन करून बघितलं होतं. थोरला म्हणाला, आधी त्याला येऊ दे. धाकट्याने विषयच बदलला.

"तिला सांगेन, धाकटा थोरल्याकडे गेला होता, तिथून फोटो पाठवलाय. पण बघ हं, तिची नजर तिखट आहे. बेमालूम व्हायला हवं."

मालक गेले आणि मी कामाला लागले. थोरल्यावर खिडकीचा उजेड डावीकडून पडला होता. धाकट्यावर उजवीकडून. सोपा उपाय म्हणजे धाकट्याचा फोटो आरशातल्यासारखा उलटा करणे, पण मग शर्टाची बटणपट्टी उलट्या बाजूला जाते, आणि बाप टेलर. तेव्हा उजेडच हळूहळू एका गालावरून दुसऱ्या गालावर नेला. झाडाखालचा निळसरपणा काढला. धाकट्याच्या डोळ्यांत आभाळाचा ठिपका चमकत होता, तिथे थोरल्याच्या डोळ्यांतली खिडकी नेऊन बसवली. पायांजवळ सावली घातली. थोरल्याचा फोटो जरा दाणेदार, बारीक ठिपक्याठिपक्यांचा होता, म्हणून धाकट्यावरही तेवढेच दाणे पसरले.

काका बघायला आले. बराच वेळ बघत राहिले.

"छान आहे. पण बसची वाट बघत उभे असल्यासारखे वाटतात."

"म्हणजे?"

"म्हणजे भांडण मिटलेलं वाटत नाही. याचा हात त्याच्या खांद्यावर टाकता येईल?"

थोरल्याचे दोन्ही हात खिशात होते. हात नव्याने आणावा लागणार होता. काकांनी स्वतःचा पुढे केला. "थोरल्याचे हात माझ्यावरच गेलेत. हा चालेल?"

दुसऱ्या दिवशी ते दुकानातला पुतळा आणि धाकट्याचा घरी राहिलेला एक शर्ट घेऊन आले. पुतळ्याच्या खांद्यावर त्यांचा हात ठेवून मी फोटो काढला. कापड दबतच नव्हतं. जिवंत खांदा वजनाखाली थोडा दबतो, बोटांच्या कडेने बारीक सुरकुत्या पडतात. पुतळ्यावर तो हात नुसता वाळत घातल्यासारखा दिसत होता.

मग मी तो शर्ट माझ्या कपड्यांवरून चढवला, कॅमेरा तिकाटण्यावर लावला आणि रिमोट हातात घेऊन जरा तिरकी उभी राहिले.

"ठेवा, काका."

त्यांनी संकोचत हात ठेवला. उबदार होता, आणि वाटला त्यापेक्षा जड. माझ्या खांद्यावर याआधी कुणी हात ठेवला होता ते मी आठवायला लागले. आठवेना.

"असाच ठेवू?"

"असाच."

एक फोटो पुरला असता. मी बरेच काढले.

पहिल्याच फोटोतून हात आणि खांदा कापून घेतला, रंग जुळवला, कडा मऊ केल्या. सांधा कुठे आहे ते मालकांनाही सापडलं नाही. काका फोटो घेऊन गेले, आणि नंतरच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. काकूंनी फोटो करणाऱ्या मुलीला घरी बोलावलं होतं.

काकू खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. फोटो मांडीवर होता. काका अपराध्यासारखे दाराशी उभे होते.

"तूच का ती? बस. हे उभेच राहू देत."

"काकू, मी..."

"काम चांगलं आहे गं. पण हा हात यांचा आहे. अंगठा बघ कुठे आहे."

मी बघितलं. अंगठा बरोबर खांद्याच्या शिवणीवर टेकला होता.

"जन्मभर लोकांची मापं घेतली. कुणाच्या खांद्यावर हात ठेवला की यांचा अंगठा आपोआप शिवण शोधतो. लग्नाच्या दिवशी माझ्याही खांद्यावर असाच ठेवला होता. मला वाटलं, आता छाती मोजतात की काय."

"अगं, पोरीसमोर..." काका म्हणाले.

"पोरींच्या खांद्यावर हात ठेवत फिरता या वयात, आणि मी बोलायचंही नाही?"

"पोरीच्या? तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. शर्ट धाकट्याचाच होता, माप जुळवलेलं होतं.

"तू होतीस हे यांनी नंतर कबूल केलं. पण आमच्या धाकट्याला कुणी हात लावलेला सोसत नाही. लहानपणापासून. खांदा पाडून निसटतो." त्यांनी फोटो माझ्याकडे वळवला. "हा खांदा बघ. हा वर आलाय. हाताकडे."

कोन, सावली, रंग, दाणे, सगळं मी तपासलं होतं. एक खांदा दुसऱ्यापेक्षा उंच होता आणि ते मला दिसलं नव्हतं.

"घरी कोण असतं तुझ्या?"

"इथे कुणी नाही."

त्यांनी मान हलवली. मग काकांना म्हणाल्या, "लावा फोन त्या डॉक्टरला. पोरं यायची नाहीत, ते मला ठाऊकच होतं. भीती वाटत होती म्हणून त्यांचं निमित्त धरून बसले होते. तुम्ही एवढी लबाडी करत फिरणार असाल तर पुरे झालं."

काका फोन आणायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मी निघाले तेव्हा काकूंनी फोटो परत दिला. "यातला एवढाच भाग मोठा करून दे. हात आणि खांदा. हॉस्पिटलमध्ये उशाशी ठेवीन. तेवढंच खरं आहे यात."

स्टुडिओत येऊन मी मूळ फोटो उघडले. जोडलेल्या फोटोतला हात मोठा केला असता तर मी पसरलेले दाणेही मोठे झाले असते. त्या दिवशी घाईघाईत पहिल्यातूनच काम भागवलं होतं, बाकीचे बघितलेच नव्हते. आता एकेक बघत गेले. पहिल्या फोटोत माझे डोळे कॅमेऱ्याकडे होते. पुढच्या सगळ्या फोटोंत मिटलेले होते.

शेवटच्या फोटोत खांदा सर्वांत वर आला होता. तो घेतला, मानेपासून वरचा भाग कापला आणि प्रिंटरमध्ये कागद भरला.