आत्याबाईची ओळख

रक्तपेढीतल्या मशीनवर तिनं चौथ्यांदा बॉट सुरू केला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली. पडद्यावर आत्याबाई आली. दरबानानं लगेच हटकलं, ‘हे नाव नोंदलेलं आहे. तीस सेकंदांत ओळख पटवा.’ आत्याबाई गप्प. तीस सेकंद भरताच दरबानानं तिचं नाव काढून घेतलं आणि कपाळावर नवं चिकटवलं : ‘पाहुणा ४७१२’. पाहुण्यांना त्या चॅटखोलीत तोंड उघडायची मुभा नव्हती.

दरबान म्हणजे कुणी माणूस नव्हे. चॅटच्या जाळ्यावर नावं सांभाळणारा एक प्रोग्राम. आत्याबाईही माणूस नव्हे, रक्तपेढीचा बॉट, आपोआप उत्तरं देणारा प्रोग्राम. शहरातली आठ इस्पितळं एका चॅटखोलीत दिवसरात्र बसलेली असायची. कुणी विचारलं, ‘आत्याबाई, ओ निगेटिव्ह आहे का?’ की ती साठा बघून दोन सेकंदांत सांगायची, ‘चार पिशव्या.’ कुणाकडे काय आहे नि काय नाही याची जिला खडान्‌खडा माहिती, तिला दुसरं काय नाव ठेवणार?

नावावर पहारा बसला त्यालाही कारण होतं. एकदा कुणा टवाळानं तिचंच नाव घेऊन ‘आहे, या’ असं ठोकून दिलं, आणि एका बाळंतिणीचा नवरा अख्खं शहर ओलांडून येऊन रिकाम्या हातानं परत गेला. दुसऱ्याच दिवशी पेढीची मशीनं सांभाळणाऱ्या मास्तरांनी नाव नोंदवून टाकलं. पासवर्ड मात्र कुठंच लिहून ठेवला नाही. मशीन बंद पडलं की स्वतः येऊन बसायचे, स्वतः टाइप करायचे. “किल्ली दारालाच लटकवायची तर कुलूप कशाला?” म्हणायचे. ते मशीन पेढीच्या साहेबांच्या खोलीतूनही उघडायचं, आणि साहेबांच्या खोलीत कसली कसली माणसं चहाला बसायची ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मास्तर आठ महिन्यांपूर्वी गेले. गेले कसले, घालवले. तेव्हापासून जुनं मशीन एकदाही बंद पडलं नाही म्हणून निभावलं. काल ते बदललं आणि आत्याबाई नव्या मशीनवर आली ती बिनओळखीची. सकाळपासून टेबलावरचे दोन्ही फोन कोकलत होते.

साहेब दारात येऊन उभे राहिले.

“झालं का?”

“पासवर्डशिवाय नाही होणार, साहेब.”

“आत्याबाईला मिशा असत्या तर ही वेळ आली नसती.” स्वतःच्या विनोदावर ते स्वतःच हसले. “माग की त्याच्याकडे. तुझं ऐकेल तो.”

“माझं?”

“मग काय माझं ऐकेल? चार वाजेपर्यंत बघ. नाहीतर बंद करून टाकू ते खेळणं. पूर्वी फोन करायचेच ना लोक?”

करायचे. आणि फोन लागेपर्यंत माणसं मरायचीसुद्धा. हे ती बोलली नाही. न बोलण्यात ती आताशा चांगलीच तरबेज झाली होती.

साहेबांची एक गोष्ट मानायला हवी. बारा वर्षांत त्यांनी कुठल्याही वाकड्या कागदावर सही केली नव्हती. कागद तेच घडवायचे, सही मात्र दुसऱ्याची. मास्तरांच्या कागदावरही तेच. ‘संस्थेच्या किल्ल्या स्वतःपाशी दडवून संस्थेला वेठीस धरले,’ आणि खाली साक्षीदार म्हणून तिची सही. तिची नोकरी तेव्हा कच्ची होती. महिनाभरात पक्की झाली. सही झाली त्याच दिवशी सकाळी अकराला तो कागद सगळ्यांदेखत मास्तरांना वाचून दाखवला, साक्षीदाराच्या नावासकट. मास्तर एवढंच म्हणाले, “बरं.” पाच वाजेपर्यंत आपल्या जागेवर काम करत बसले आणि मग डबा उचलून निघून गेले.

तिनं नंबर लावला. मास्तरांनी तो बदलला असावा अशी मनात आशा होती. बदलला नव्हता.

“कोण?”

“मी, मास्तर.”

“मी तर प्रत्येकजण असतो. ओळख पटव.”

तिला हसू आलं. “तुमच्या चहात साखर घालायला विसरायची ती.”

“हां. विसरायची कसली, साखर वाचवायची. बोल पोरी.”

“आत्याबाई अडलीय.”

“मशीन बदललंत.”

“काल. दरबान आत घेत नाही. पासवर्ड…”

“नाही देणार.”

पलीकडे कुठंतरी नळ वाहत होता, तो बंद झाला.

“फोनवर पासवर्ड मागणाऱ्याला काय द्यायचं असतं? काय शिकवलं होतं मी?”

“नकार.”

“मग? उद्या तो साहेबाच्या टेबलावर चिठ्ठीत पडलेला असेल. पासवर्ड हवाय कशाला तुला? आत्याबाईला तिची स्वतःची किल्ली करून दे, मशीनमध्येच राहणारी फाईल. त्या किल्लीचा ठसा दरबानाकडे नोंदव. ठसा जुळला की दार उघडलं. ना तुझ्याकडे पासवर्ड, ना माझ्याकडे, ना त्या शहाण्याकडे. मला हे दोन वर्षांपूर्वीच करायचं होतं, हातून राहिलं.”

“पण ठसा नोंदवायला नावाचा मालक लागतो, मास्तर.”

“मालकांची यादी बघितलीस?”

“नाही.”

“आठ महिन्यांत एकदाही?”

“नाही. मालक तुम्ही एकटेच, असं…” असं त्या कागदात होतं. एकदा सही केली की माणूस तपासून बघायचं सोडून देतो.

“न वाचता पुढं जायची खोड गेली नाही तुझी,” मास्तर म्हणाले. “तेव्हाही तसंच झालं असेल. पुढ्यात ठेवला, केलीस सही.”

निसटायला दार उघडं होतं. मास्तरांनीच उघडून धरलं होतं, आणि तिनं नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. टेबलावरचा फोन पुन्हा वाजायला लागला. तिनं तो वाजू दिला.

“वाचला होता, मास्तर. दोनदा वाचला होता. मग केली.”

पलीकडे भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला.

“माहितेय,” मास्तर म्हणाले. “बघ यादी. ठेवतो, माझा भात करपेल.”

दरबानाशी बोलायला ती स्वतःच्या नावानं आत होतीच. तिनं टाइप केलं, ‘आत्याबाई : मालक?’

उत्तर दोन ओळींचं आलं. पहिल्या ओळीत मास्तर. दुसऱ्या ओळीत ती. नावापुढं नोंद केल्याची तारीख होती. ती तारीख तिला पाठ होती. सहीखाली तिनं स्वतःच्या हातानं घातली होती. तारखेपुढं वेळ होती. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

तिनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला. चष्मा स्वच्छच होता.

मग ती कामाला लागली. बॉटची किल्ली तयार केली, तिचा ठसा दरबानाकडे नोंदवला. एक अंक चुकला, पुन्हा नोंदवला. बॉट सुरू केला. दरबानानं हटकलंच नाही. ‘आत्याबाई, ओळख पटली,’ एवढंच म्हणाला.

मिनिटभरात चॅटखोलीत कुणी सिस्टर अवतरली. ‘आत्याबाई, होतात कुठं? ए निगेटिव्ह?’

‘दोन पिशव्या.’

‘जीव आला. एक ठेवा, माणूस निघाला.’

फोन एकेक करून गप्प झाले. त्या शांततेनंच साहेबांना बोलावून आणलं.

“दिला ना त्यानं? बघ, म्हटलं नव्हतं? लिहून दे मला पासवर्ड.”

“पासवर्ड आता लागतच नाही.”

“लागत नाही म्हणजे? मालक कोण मग?”

“दोघं. मास्तर आणि मी.”

“तू? कधीपासून?”

“आठ महिने झाले.”

साहेबांनी वाकून पडद्यावरच्या दोन ओळी वाचल्या. तारीख त्यांनाही ओळखू आली असावी. ते पुन्हा सरळ व्हायला जरा वेळ लागला.

“म्हाताऱ्याचं नाव काढ. माझं घाल,” ते म्हणाले. “आत्ताच.”

तिनं खण उघडला, एक कोरा कागद काढला आणि टेबलाच्या त्यांच्या बाजूला नीट सरळ ठेवला. त्यावर पेन ठेवलं, टोपण काढून.

“लिहून द्या, साहेब. तारीख घाला, खाली सही करा. लगेच काढते.”

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पेन उचललं आणि त्याला टोपण लावलं.

“उद्या बघू,” ते म्हणाले, आणि जाताना दार लोटून घेतलं.

तिनं कागद उचलला नाही. तो तिथंच राहिला, दुसऱ्या दिवशीही, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. झाडूवाली तेवढा उचलून टेबल पुसायची आणि पुन्हा होता तसा ठेवायची.