पेटीतले मारोतराव

फुलसावंगीच्या शाळेमागे उभं राहायला जागा नव्हती. पितळी पट्टीवर हात ठेवला, की गावात आलेल्या एका महाराजांच्या पेटीच्या काचेवर इंग्रजी ओळी सरसर धावायच्या. मेलेलं माणूस बोलतं म्हणे!

लीलाबाईनं हात ठेवला. गेल्या हंगामात कपाशी फवारताना विष चढून तिचा नवरा मारोतराव गेला होता.

महाराजांनी काच न्याहाळली. "मारोतराव म्हणते, मी सुखात हावो. आपल्या पोराले, आयुषले राख लावा. मंग उघड्या अंगानं फवारलं तरी विष शिवत नाही!"

लीलाबाई रडत काच कुरवाळू लागली. मागे उभ्या तिच्या मुलीनं, अपेक्षानं, काचेवरचं इंग्रजी वाचलं. ती यवतमाळला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. काचेवर लिहिलं होतं: पट्टीला स्पर्श झाला. मेमरी शिल्लक आहे. वाय-फाय सापडत नाही.

घरी तिनं सांगून पाहिलं. "तुले इंग्रजी येते म्हणून का तुहा बाप खोटा?" आई कडाडली. कपाळाला राख फासून भाऊ आयुष फवारणीचा पंप धूत होता.

पुढच्या बैठकीला अपेक्षा स्वतःची पेटी घेऊन गेली. आईचा हात पट्टीवर ठेवताच तिथंही ओळी धावल्या.

"महाराज, माह्या पेटीतबी बाबा आले. वाचा नं."

सगळे बघत होते. महाराजांना नाही म्हणता येईना. "मारोतराव म्हणते, पोरी, महाराजावर विश्वास ठेव!"

"ही पेटी मी परवा बनवली. इथं लिहिलं हाय, पट्टीले हात लागला, दिवा लावला. यंत्र आपलं काम असं लिहून दाखवते, त्याले लॉग म्हणते. किती लिहायचं, थे त्याची लायब्ररी, म्हंजे आतला तयार प्रोग्राम, सोर्सकोडपासून बांधतानाच ठरते. महाराजाच्या पेटीत ती लिहायची लेव्हल सगळ्यात वर राहून गेली, माह्या पेटीतबी मी तशीच ठेवली होती. मंग मी माह्या पेटीसाठी ती शून्य करून लायब्ररी परत बांधली. आता पाहा."

तिनं लॅपटॉपवरून नवा प्रोग्राम चढवला. आईनं पुन्हा हात ठेवला. दिवा लागला. काच कोरीच राहिली.

आईनं पट्टी दाबली, मग दोन्ही हातांनी दाबली. "आता काहून नाही बोलत थे?"

"ते बोलतच नव्हते, आई."

महाराज पेटी उचलून कधी निघून गेले, कोणी पाहिलं नाही. लीलाबाई मातीत बसून रडत होती, मारोतराव आजच गेल्यासारखी. अपेक्षाला जिंकल्यासारखं वाटलं नाही. तिनं आईला मिठी मारली. डोळे पुसून आई म्हणाली, "आयुषच्या कपाळाची राख पूस. हातमोजे, मास्क आणल्याबिगर त्याले वावरात जाऊ देऊ नको."

बायांनो, बाप्यांनो, गेलेल्या माणसासाठी पोटभर रडा. पण त्याच्या नावानं कोणी काही सांगितलं, तर ते कुठून आलं एवढं विचारा. जिवंत माणसं तेवढ्या विचारण्यानं वाचतात.