दीड तिकीट

हिरवा दोरा, करंगळीएवढा, दोन्ही टोकांना लोखंडाची बारीक काडी. काडी सरळ धरून कागदाच्या भोकातून घालायची, पलीकडे गेली की ती आपोआप आडवी पडते आणि कागद सुटत नाहीत. सोपं काम. पण शशिधरच्या बोटांतून ती तिसऱ्यांदा निसटली आणि चहाच्या कपावर टिंग करून आपटली. अठ्ठावीस वर्षं या बोटांनी नॉटिंगहॅमात डबलडेकर हाकली, बर्फात हाकली, आणि आता ही एवढीशी काडी ऐकत नाही... बायको असती तर न बघता ओवली असती. तिनंच आणलेले हे दोरे. वॉर्डातल्या जुन्या फायली मोडीत निघाल्या की मोठी सिस्टर म्हणायची घेऊन जा, आणि ही युनिफॉर्मच्या खिशातून मूठभर घेऊन यायची. चार वर्षं झाली तिला जाऊन. दोरे अजून अर्धा डबा शिल्लक आहेत.

कागद सोळा. शेजारी एक कार्ड, लायब्ररीतून आलेलं. या काउंटीत ज्यांनी म्हणून लोकांना हसवलं, गाऊन दाखवलं, लिहिलं, त्या सगळ्यांचं प्रदर्शन लागायचंय शनिवारी. दोरीवर चालणारा सर्कसवाला आहे, कोळशाच्या खाणीत राबून कविता करणारा आहे, शिट्टीवर गाणी वाजवणारी एक बाई आहे — आणि त्यांच्या रांगेत आपण! शशिधर भोईटे, बसगॅरेजमधला ‘सिड’. ड्रायव्हर, विनोदी नट आणि लेखक. छापलंय इंग्रजीत, पण ‘रायटर’ एवढं त्याला वाचता येतं. खाली रेघ. मजकूर बरोबर असेल तर सही करायची, आज चारच्या आत.

बरोबर असेल तर.

आता लेखक म्हणजे कोण, ते तुम्हीच सांगा. फलटणला चौथीतून शाळा सुटली ती सुटलीच. जत्रेच्या नाटकांत लुगडं नेसून नाचायचो, तेवढंच शिक्षण. बायको नर्स, तिला इकडे नोकरी लागली एकाहत्तर साली, आणि तिच्या मागून मी आलो, कडेवर बसून आल्यासारखा. दिवसभर बस हाकायची, घरी येऊन बसमधल्या गमती सांगायच्या. ती युनिफॉर्मला इस्त्री करत ऐकायची. मग कधीतरी कागद काढायची, वाचून दाखवायची, आणि मला वाचायचा कंटाळा म्हणून मी ऐकूनच पाठ करायचो. मंडळाच्या गणपतीत स्काउट हॉलमध्ये प्रयोग. मी पुढे, ती पडद्यामागे स्टुलावर, मांडीवर कागद, अडलो की वाक्य पुरवायला. हँडबिलावर काय? लेखक, दिग्दर्शक, प्रमुख भूमिका — शशिधर भोईटे. ते तिनंच छापून आणलं होतं.

आणि सगळ्यांत गाजलं ते हे, समोरच्या सोळा कागदांवरचं. नवी नवरी पेटी-वळकटी घेऊन बसमध्ये चढते, नवरा खाली रांगेत भांडत बसलेला. कंडक्टर विचारतो, “किती?” ती म्हणते, “दीड.” “दीड कसं? पोर कुठाय?” “पोर नाही हो. मी एक पूर्ण. आमचे हे अजून अर्धेच आलेत, एक पाय खाली आहे.” आणि मी — एक पाय स्टुलावर, एक खाली — असा लटकत, कोणाशी तरी भांडत... हॉल नुसता फुटायचा. अजून कधी लंडनला गेलो आणि वेम्बलीत ईलिंग रोडच्या देशी बाजारात शिरलो की कोणीतरी लांबून ओरडतं, “ओ दीड तिकीट!” पंचवीस वर्षं झाली.

गेल्या मंगळवारी लायब्ररीतल्या मिसेस हॅलमनं हेच कागद हातात घेतले. मराठी तिला ओ की ठो कळत नाही, पण बोट फिरवत म्हणाली, “किती सुंदर अक्षर आहे रे तुझं.” आणि शशिधर म्हणाला, “थँक यू.”

का म्हणालो? तोंडातून गेलं. तीस वर्षं लोक म्हणतायत, काय लिहिता भोईटे, आणि तीस वर्षं थँक यूच म्हणतोय — आणि खोटं बोलत होतो असंही नाही, कारण बोलणारा मी, लिहिणारी ती, मग लेखक कोण, याचा विचार कोण करतं? पण काचेत ठेवायचे कागद म्हणून काल ते पहिल्यांदा स्वतः वाचले. शब्दाखाली बोट ठेवून, शाळेतल्या पोरासारखे. पानाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि सही — य. भो. वॉर्डाची सवय. पेशंटच्या कागदावर चुकलं तर खोडरबर नाही, गिरगटायचं नाही. शब्दावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी आपली सही. नर्स बाईला ते इतकं अंगात भिनलेलं की विनोद लिहितानासुद्धा तसंच. ‘दोन’वर रेघ, वर ‘दीड’, शेजारी य. भो. म्हणजे आधी दोन तिकिटं होती. मग तिनं अर्धं कापलं.

आणि तारीख. १४ मार्च १९७९, सकाळी ६.१०.

एकोणऐंशीच्या मार्चात मी नव्हतोच इथे.

आई गेली म्हणून फेब्रुवारीत फलटणला गेलो होतो. तेरावं झालं, महिना झाला, भाऊ म्हणाला चहाचं हॉटेल दोघं मिळून चालवू, तिकडे थंडीत कशाला मरतोस... आणि शशिधरला ते पटलं होतं. रोज संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन बसायचा. उन्हात तापलेला बाक, ओळखीची माणसं, आपल्या भाषेत शिव्या. पत्र लिहायचं होतं, की तू पोरीला, उल्काला, घेऊन इकडेच ये, किंवा येऊ नकोस — काय लिहायचं होतं कोण जाणे, लिहिलंच नाही. तिनंही विचारलं नाही. एप्रिलात एक दिवस उठलो आणि आलो. का आलो, तेही नक्की सांगता येत नाही. तिनं दार उघडलं, हात कणकेचे, म्हणाली, “जेवणार ना?” बस, एवढंच. आठवड्यानं हे कागद काढले. वाचून दाखवले. मी हसून हसून खाली बसलो.

“हे कधी सुचलं तुला?”

“मला कुठलं? तुम्हीच बोलला होतात, जायच्या आधी.”

“मी? कधी?”

“बोलला होतात. तुम्हाला आठवत नाही.”

आणि मी विश्वास ठेवला. पाय लटकवून पंचवीस वर्षं लोकांना हसवलं — अरे गाढवा, तो पाय कोणाचा होता?

फोन वाजला. उल्का, रीडिंग गावातल्या तिच्या ऑफिसातून.

“बाबा, तो कार्ड दिली का तुम्ही?”

“निघालोच आहे.”

“लास्ट डे आहे, माहितीय ना? मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितली. माय डॅड इज अ रायटर. शनिवारी पोरं घेऊन येते आहे मी, वरदाने ड्रेसपण घेतला.”

“उल्का, ते तुझ्या आईनं...”

“आईला किती प्राउड झाला असता, बाबा.” पोरीचा आवाज एकदम ओला झाला. तीन वर्षांची आणली होती इकडे, मराठीचं लिंग कधी जमलं नाही, पण रडू मराठीतच येतं. “बाबा? आर यू देअर?”

“आहे गं. एक पाय खाली आहे.”

“दीड तिकीट!” ती हसली, आणि फोन ठेवला.

बसमध्ये तो नेहमीसारखा डाव्या बाजूला पुढे बसला. ड्रायव्हर नवा, ब्रेक फार जोरात मारतो. एरवी शशिधरनं चार गोष्टी सुनावल्या असत्या. कागद मांडीवर. एकदाचा ओवला होता दोरा. युनिव्हर्सिटीशेजारचा लांब सरळ रस्ता, झाडं पिवळी पडलेली, आणि त्याला तिची ती सकाळ दिसायला लागली — सहा वाजून दहा मिनिटं, ड्यूटीवर निघायच्या आधी, पोर झोपलेली, दीड महिना नवऱ्याचा पत्ता नाही, आणि बाई टेबलाशी बसून काय करते? रडत असेल की नाही देव जाणे. विनोद लिहिते. चिडून दोन शब्द लिहिले असते तरी कोणी नावं ठेवली नसती. दोनाचं एकसुद्धा करता आलं असतं तिला. पेन हातातच होतं. तिनं दीड केलं. मी येणार की नाही हे माहीत नसताना माझं अर्धं तिकीट काढून ठेवलं, आणि मी आल्यावर ते माझ्याच खिशात घातलं, तुमचंच आहे म्हणून.

डोळे भरले. खिडकीकडे तोंड केलं. शेजारच्या गोऱ्या म्हातारीनं मुकाट्यानं टिश्यू पुढे केला. या गावाचंही बरंच देणं आहे बाबा.

लायब्ररीत मिसेस हॅलम काउंटरवरच होती. नॉटिंगहॅमात सगळेच एकमेकांना डक म्हणतात, बदक. पहिल्या दिवशी राग आला होता, आता कोणी म्हटलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

“आलास, डक! छापणाऱ्याचा दोनदा फोन येऊन गेला. सही केलीस?”

त्यानं कार्ड काउंटरवर ठेवलं. तिचं पेन घेतलं. ‘रायटर’वर एक रेघ मारली — सरळ, एकच, खालचं वाचता येईल अशी — आणि शेजारी आपली सही. श. भो.

मिसेस हॅलमनं चष्मा वर केला. “हे असं नर्स लोक करतात. माझी आई करायची.”

“माझी बायको करायची. अक्षर तिचं आहे. मी थँक यू म्हणालो, ते चुकलं माझं.”

“फक्त अक्षर?”

“नाही,” शशिधर म्हणाला. “किती तिचं, किती माझं... ते मलासुद्धा माहीत नाही. हे एक मात्र पुरं तिचं.”

“बोर्डावर जागा एकाच नावाची आहे, डक. लेखकांच्या भिंतीवर कागद लावायचे तर लिहिणाऱ्याचं नाव हवं, म्हणजे तू तिथून निघालास. नटांच्या भिंतीवर तुला जागा मिळते का, ते मला विचारावं लागेल, आणि चारच्या आत उत्तर येईल असं काही सांगत नाही.” तिनं कोरं कार्ड पुढे सरकवलं. “नाव काय तिचं?”

उल्काचा शनिवार आठवला. वरदाचा ड्रेस.

नाव. एकतीस वर्षं संसार केला, अगं आणि अहो, यावर. लग्नात उखाण्यात घेतलं ते एकदा, तेही मित्रांनी ढोसल्यावर. हॉस्पिटलच्या फॉर्मवर शेवटी लिहायची वेळ आली तेव्हा उल्कानं लिहिलं. जीभ टाळूला लागली, उचलेना. सवयीनं त्यानं किंचित मान डावीकडे वळवली — पडदा असायचा तिकडे, अडलं की तिकडून वाक्य यायचं, कधी चुकलं नाही.

आलं नाही. पुस्तकांची कपाटं होती नुसती.

गंमत म्हणजे भीती वाटली नाही. भरल्या हॉलमध्ये सुद्धा एवढं शांत वाटलं नव्हतं. घड्याळात पावणेचार, मिसेस हॅलम वाट बघत होती, मागं कोणीतरी खोकलं, आणि त्याला वाटलं, खोकू दे, रांगेत भांडायचं नाही आज. त्यानं कार्ड जवळ ओढलं. ‘य’ त्याला येत होता — सोळा पानांच्या सोळा कोपऱ्यांत कालपासून बघत होता तो. वरून वळण घेऊन त्यानं तो काढला, जरा वाकडा, पण तिचाच. पुढचं अक्षर अवघड होतं. पेन तसंच टेकवून तो उभा राहिला, दोन्ही पायांवर.