चुकायला जागा नसलेला धडा

मित्रांनो, मी एक जुना धडा आहे. पुस्तकातला नव्हे, संगणकावरचा. कारखान्यात नव्याने लागलेल्यांना ॲसिड पातळ करायला मी शिकवत असे.

मला घडवले प्रयोगशाळेतल्या ताईंनी. त्या काळी वेबवर फ्लॅश नावाचे तंत्र होते. त्यातली चित्रे हलत आणि आपण दाबू तशी वागत. पाण्यात हळूहळू ॲसिड ओतले, तर मी पुढे सरके. उलट ॲसिडमध्ये पाणी ओतले, की पडद्यावरचे भांडे खदखदून उसळे, चित्रातला हात भाजे आणि मी शिकणाऱ्याला पुन्हा सुरुवातीला आणून बसवी. माझा निम्मा जीव त्या चुकांमध्ये होता. कामगार मुद्दाम चुकून बघत. "इथंच काय ते भाजून घ्या रे," मुकादम मामा म्हणत आणि सगळे हसत.

पुढे ब्राउझरांनी फ्लॅश चालवणे बंद केले. प्रशिक्षणाच्या खोलीतल्या एका जुन्या संगणकापुरता मी उरलो. मोबाइलवर चालणारा नवा धडा घाईने हवा होता. तो करणाऱ्या डेव्हलपरने मला उघडले, पडद्याचे रेकॉर्डिंग लावले आणि प्रत्येक ठिकाणी बरोबर असेल तेच दाबत गेला. माझा व्हिडिओ झाला. जे दाबले नाही, ते त्यात उतरलेच नाही.

ताईंनी तो शेवटपर्यंत पाहिला. "चुकलं तर काय होतं, ते कुठंय?"

"चुकायला जागाच ठेवली नाही, ताई. सगळे पास होतात," डेव्हलपर म्हणाला.

ताई साहेबांकडे गेल्या. पुढच्या आवृत्तीत बघू, असे उत्तर घेऊन परतल्या.

आज एक मुलगी नवीन लागली. माझ्याच समोरच्या बाकावर ती डबा खात होती. मोबाइल उपडा पडला होता आणि व्हिडिओ आपला चालला होता. डबा संपण्याआधीच ती पास झाली.

मित्रांनो, नव्या तंत्राशी माझे वैर नाही. उसळणारे भांडे त्यात माझ्यापेक्षा चांगले करता येईल. मला खुशाल पुसून टाका. फक्त जुने हलवताना बरोबर असेल तेवढेच उचलू नका. माझ्यातल्या चुकाही सोबत न्या.

दार उघडे आहे. पलीकडे ती मुलगी ॲसिडने अर्ध्या भरलेल्या पिंपापाशी उभी आहे.

"अगं, कशात काय ओतायचं होतं?" तिने मैत्रिणीला विचारले.

"काही का असेना. मिसळल्याशी कारण. पिंप कुठं हलवतेस, बादलीच आण."

नळ सुरू झाला आहे.